दंगल अडते कुठे?

डिसेंबर १९९२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. त्याच आठवड्यांत ठाण्याच्या पलीकडच्या भिवंडीत दंगलीने एकही जीव घेतला नाही.

भिवंडीचा आधीचा इतिहास माहीत असणाऱ्याला यावर चटकन विश्वास बसणार नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून या गावात दंगल झाली, तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत पोचली आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे-मुंबईकडे सरकली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. १९९२ साली कुणी विचारलं असतं की महाराष्ट्रात पहिला भडका कुठे उडेल, तर दहांतल्या नऊ जणांनी भिवंडीचंच नाव घेतलं असतं.

मधल्या काळात गाव काही बदललं नव्हतं. तेच यंत्रमागांचे खडखडणारे गाळे, त्याच अरुंद गल्ल्या, उत्तर प्रदेशातून पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, जुनी कोकणी मुसलमान घराणी, आजूबाजूच्या गावांतले आगरी, सुताचे व्यापारी. नवीन गोष्ट एकच होती. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या आणि नुसत्या उभ्या न करता चालवल्या होत्या. अशी समिती दंगल अडवते म्हणजे नेमकं काय करते, तिचं यश कितपत तिचं आणि कितपत इतर कारणांचं, ती कुठे कमी पडते, हे या लेखात सावकाश पाहायचं आहे. त्यासाठी आधी दंगल कशी घडते ते पाहावं लागेल.

दंगलीनंतर सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: दोन समाजांतलं जुनं वैर उफाळून आलं. हे कारण खरं असतं तर जिथे जिथे हे दोन समाज शेजारी राहतात तिथे तिथे दंगली व्हायला हव्या होत्या. तसं होत नाही, हे आकड्यांनी दाखवलं ते आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने. त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बातम्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीतून एकेक करून वेचल्या. त्यांतून जो तक्ता तयार झाला त्याने अभ्यासकांची समजूतच पालटली. दंगलींत मेलेल्यांपैकी खेड्यांतले लोक ४ टक्क्यांहूनही कमी निघाले. शहरांचं पाहावं तर मुंबई, अहमदाबाद, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या आठच शहरांत एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४६ टक्के मृत्यू झाले होते. देशाच्या शहरी लोकसंख्येत या आठांचा वाटा जेमतेम १८ टक्क्यांचा.

मग प्रश्न बदलतो. दंगल का होते, याच्या जोडीला 'इथे होते आणि तिथे का होत नाही' हेही विचारावं लागतं. वार्ष्णेय यांनी सहा शहरं निवडली आणि त्यांच्या तीन जोड्या लावल्या: अलिगढ आणि केरळमधलं कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर वारंवार पेटणारं आणि दुसरं बहुतेक काळ शांत. २००२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली अलिगढ-कालिकतची तुलना मला सगळ्यांत बोलकी वाटते. दोन्ही शहरांत मुसलमान तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सर्वेक्षणात विचारलं, तुम्ही दुसऱ्या समाजातल्या लोकांबरोबर नेहमी जेवता का? कालिकतमध्ये सुमारे ८३ टक्के लोक हो म्हणाले, अलिगढमध्ये ५४. मुलं एकत्र खेळतात का? कालिकतमध्ये सुमारे ९० टक्के, अलिगढमध्ये ४२.

हे वाचून वाटेल की उत्तर मिळालं, घरोबा असला की झालं. वार्ष्णेय यांचा निष्कर्ष मात्र याच्या पुढचा आहे. घरोबा खेड्यात पुरतो, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पाच-सात लाखांच्या शहरात शेजाऱ्याशी कितीही सलोखा असला तरी तीन गल्ल्या पलीकडे काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही आणि तिथल्या कुणाला तुम्ही ओळखतही नाही. तिथे टिकाव धरतात त्या दोन्ही समाजांची माणसं असलेल्या संघटना: व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या, वाचनालयांच्या. कालिकतमध्ये अशा संघटनांचं जाळं दाट होतं. अलिगढमध्ये संघटना नव्हत्या असं नाही, पण बहुतेक आपापल्या समाजापुरत्या होत्या.

लखनौचं उदाहरण वेगळंच आहे. चिकनकारीच्या धंद्यात व्यापारी प्रामुख्याने हिंदू आणि भरतकाम करणाऱ्या हजारो बायका बहुतांशी मुसलमान. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. दंगल झाली तर माल अडकतो, हंगाम जातो, दोघांच्याही चुली विझतात. म्हणून दंगल होऊ न देण्यात दोघांचाही रोकडा स्वार्थ होता. आणि याच लखनौमध्ये शिया आणि सुन्नी यांच्यात मात्र वारंवार दंगली झाल्या आहेत. धर्म एक असून तिथे माणसं भांडली, धर्म वेगळे असून इथे सांभाळून राहिली. वैराचं मूळ धर्मात शोधणाऱ्याने या शहराकडे जरूर पाहावं.

आता दंगल घडते कशी ते पाहू. पॉल ब्रास या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकापासून पश्चिम उत्तर प्रदेशात, विशेषतः अलिगढ आणि मेरठमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन काम केलं. दंगल उत्स्फूर्त असते हे त्यांना मुळीच मान्य नाही. ते दंगलीची तुलना नाटकाशी करतात: आधी तालीम, मग प्रयोग, मग त्या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा यावरची झटापट. वारंवार पेटणाऱ्या शहरांत या कामासाठी माणसं ठरलेली असतात. काहींचं काम ठिणग्या विझू न देण्याचं असतं. कुठे मिरवणूक अडली, कुठे जनावर मेलेलं सापडलं, कुठे मुलगी पळून गेली, याची ते खबर ठेवतात आणि विषय थंड पडू देत नाहीत. दुसरी माणसं आणखी कसबी. साध्या भांडणाचं जातीय भांडण करून देणं हे त्यांचं काम.

हा दुसरा टप्पा नीट पाहायला हवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा, एका नाक्यावर रिक्षाचा धक्का लागून सायकलवाला पडला. शिवीगाळ झाली, दोन थपडा बसल्या. इथपर्यंत भांडणाला नावं आहेत. अमुक गाळ्यात काम करणारा अमका आणि अमक्याची रिक्षा चालवणारा तमका. दहा मिनिटांत ही बातमी दोन गल्ल्या ओलांडते तेव्हा नावं गळलेली असतात. 'त्यांच्या पोरांनी आपल्या पोराला मारलं' एवढंच उरतं. आणखी चार गल्ल्यांनी पोरगा मेलेला असतो. आता जो मुलगा काठी घेऊन बाहेर पडतो त्याला त्या रिक्षावाल्याशी काहीही देणंघेणं नसतं. त्याला कुणीही चालतो, फक्त तो 'त्यांच्यातला' असला की झालं. माणसाला माणूस म्हणून मारणं कठीण असतं. त्याचं नाव पुसलं, की सोपं होतं.

अफवेचा हा प्रवास वर्तमानपत्रांनीही करून दिला आहे. डिसेंबर १९९० मध्ये अलिगढमधल्या हिंदी वृत्तपत्रांनी छापलं की मुस्लिम विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांच्या हत्या झाल्या. बातमी धादांत खोटी होती. पुढे खुलासे आले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कालिकतमध्येही त्या वर्षांत अफवांची कमी नव्हती. तिथल्या वृत्तपत्रांनी मात्र आधी बातमीदार धाडून खातरजमा केली आणि मग अफवा खोटी असल्याचंच छापलं. म्हणजे ठिणगी दोन्हीकडे पडली. एका ठिकाणी ती पुढे द्यायची सोय होती, दुसऱ्या ठिकाणी तपासायची.

भिवंडीच्या मोहल्ला समितीचं काम आता समजेल. नावं गळू न देणं आणि गळलेली नावं परत आणणं हे ते काम.

पोलिसांना समिती हा प्रकार नवा नव्हता. शांतता समिती पूर्वीपासून होती, आजही प्रत्येक पोलीस ठाण्यात असते. गणपती किंवा ईद जवळ आली की बैठक बोलावतात. दोन्ही समाजांचे पुढारी, नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष येतात, सलोख्याचं आवाहन होतं, चहा होतो, फोटो निघतो. यातल्या बहुतेकांना आपापल्या समाजापुढे कडक दिसावं लागतं, कारण त्यांचं पुढारीपण त्यावरच उभं असतं. शिवाय ती माणसं मोजकी. रात्री एक वाजता एखाद्या गल्लीत काय घडलं ते त्यांना सकाळी कळतं.

खोपडे यांनी ही रचना उलटी केली. शहराचे मोहल्ल्यांप्रमाणे भाग पाडले आणि प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती केली. तिच्यात दोन्ही समाजांची माणसं घेतली आणि घेताना पुढाऱ्यांऐवजी शक्यतो साधी, पण गल्लीत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी माणसं पाहिली. समितीशी जोडलेला पोलीसही वरचा साहेब नव्हता. त्या भागाचा शिपाई किंवा फौजदारच तिथे असे. बैठका सणाची वाट न पाहता सतत होत राहिल्या.

अशा बैठकीत दंगलीवर चर्चा होते असं वाटेल. बहुतेक वेळा होत नाही, आणि व्हायलाही नको. गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, रात्री वीज जाते आणि माग बंद पडतात, कोपऱ्यावर दारूचा अड्डा आहे, मुलींना शाळेत जाताना त्रास होतो. ही दुखणी हिंदूची वेगळी आणि मुसलमानाची वेगळी नसतात. तुंबलेल्या गटाराचं पाणी दोघांच्याही उंबऱ्याशी येतं. चार बैठकांत गटाराचं काम मार्गी लागलं की माणसांना एकमेकांची नावं, घरं, धंदे, मुलं ठाऊक झालेली असतात. एवढ्या ओळखीची किंमत तेव्हा लक्षात येत नाही. ती लक्षात येते एखाद्या वाईट रात्री.

अशी एक रात्र समोर आणून पाहू. खबर येते की पलीकडच्या मोहल्ल्यात मूर्तीची विटंबना झाली. समिती नसलेल्या गल्लीत पुढे काय होतं ते वर सांगितलंच. समिती असलेल्या गल्लीत एक गोष्ट जास्तीची घडते: कुणाला तरी विचारता येतं. पलीकडच्या गल्लीतला सूत विकणारा, शिवणकाम करणारी बाई, पानाच्या टपरीवाला, यांतलं कुणीतरी समितीत असतं. शिपाई आणि दोन्हीकडचे दोन-दोन जण त्या जागी जातात, आपल्या डोळ्यांनी पाहतात आणि परत येऊन आपल्याच लोकांना सांगतात. 'आम्ही आत्ता बघून आलो, मूर्ती जागच्या जागी आहे.' हे वाक्य पोलीस अधिकाऱ्याने लाउडस्पीकरवरून सांगितलं तर कुणी ऐकत नाही. मोहन मास्तरांनी किंवा रशीदचाचांनी आपल्या ओट्यावर उभं राहून सांगितलं तर ऐकतात. हेही नमूद करायला हवं की 'पाहून या' म्हणण्याचं धाडस माणसात एका रात्रीत येत नाही. जमावासमोर उलट बोलणाऱ्याला आपण एकटे नाही याची खात्री लागते, आणि ती आधीच्या दोन-तीन वर्षांच्या बैठकांतून आलेली असते.

समितीचा एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही. तिच्यामुळे पोलीसही बदलतो. ज्या शिपायाने मोहल्ल्यात शंभरदा चहा घेतला त्याला बंदोबस्ताच्या दिवशी समोर नुसता जमाव दिसत नाही, ओळखीचे चेहरे दिसतात. आणि मोहल्ल्यालाही वर्दीमागचा माणूस ठाऊक असतो. दंगलीत पोलिसांविषयीचा अविश्वास हेच मोठं इंधन असतं, हे मादन आयोगापासून श्रीकृष्ण आयोगापर्यंत सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे.

समाजमानसशास्त्रात या सगळ्याला जुना आधार आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं की दोन गटांची माणसं नुसती एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत, उलट वाढूही शकतात. चार गोष्टी असल्या तर संपर्काचा उपयोग होतो: बसताना दोघांचा दर्जा सारखा हवा, हेतू दोघांचा एक हवा, काम स्पर्धेचं नसून सहकार्याचं हवं आणि वरच्या अधिकाऱ्यांचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. मोहल्ला समितीवर हे ताडून पाहा. सारख्याच सतरंजीवर बसणं, गटाराचा एकच प्रश्न, तो मिळून सोडवणं आणि डोक्यावर पोलीस उपायुक्तांचा हात. चारही अटी भरतात. पूर्वीच्या शांतता समितीत जेमतेम एखादी भरते. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये अशा ५१५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतो हे दिसलंच, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तिथे परिणाम अधिक मोठा दिसला.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. अडचणी आहेत, आणि त्या मोठ्या आहेत.

पहिली अडचण अशी की समितीत जुळलेली मनं समितीबाहेर किती चालतात? सल्मा मूसा या संशोधिकेने इराकमध्ये एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. आयसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांचे फुटबॉल संघ घेतले. काही संघांत मुसलमान खेळाडू घातले, काही संघ केवळ ख्रिस्ती ठेवले, आणि कोणता संघ कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. हंगाम संपल्यावर मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू मुसलमान खेळाडूंशी चांगले वागत होते. पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला तयार होते, सहा महिन्यांनीही त्यांच्याबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुसलमानांच्या वस्तीत जाऊन जेवणं किंवा मिश्र समारंभाला जाणं, यांत फारसा फरक पडला नाही. माझ्यासारख्या सलोख्याच्या कामावर विश्वास असणाऱ्याने हा निष्कर्ष मनापासून स्वीकारायला हवा. ओळख झालेल्या माणसाविषयी मन बदलतं, पण सगळ्या समाजाविषयी तितकं बदलत नाही. मोहल्ला समितीला मात्र एवढं पुरतं, असं मला वाटतं. तिला सगळ्या समाजाविषयी प्रेम निर्माण करायचं नसतं, पलीकडच्या गल्लीतला एक भरवशाचा माणूस पुरेसा असतो.

दुसरी अडचण राजकारणाची. वार्ष्णेय यांच्याबरोबर तो तक्ता करणाऱ्या विल्किन्सन यांनीच २००४ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते दंगल टिकते की दडपली जाते हे शेवटी राज्य सरकार पोलिसांना काय सांगतं त्यावर ठरतं, आणि सरकार काय सांगतं ते सत्तेत राहण्यासाठी त्याला अल्पसंख्याकांची मतं किती लागतात त्यावर. केरळमध्ये मुस्लिम लीग १९६७ पासून वेळोवेळी सत्तेत वाटेकरी राहिली आहे. तिथे दंगलीला मोकळं रान देणं कुठल्याच सरकारला परवडणारं नव्हतं. मग कालिकतची शांतता व्यापारी संघटनांची की तिरुवनंतपुरमची? दोन्हींची, असं माझं मत आहे. पण एक कबूल करावंच लागतं: सरकारने ठरवलंच की दोन दिवस डोळे मिटायचे, तर गल्लीतल्या पन्नास माणसांनी किती काळ तग धरायचा? सुरतमध्ये डिसेंबर १९९२ मध्ये जुन्या शहराने तग धरला. तिथे व्यापाऱ्यांच्या जुन्या मिश्र संघटना होत्या आणि मृत्यू अगदी थोडे झाले. परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या नव्या झोपडपट्ट्यांत मात्र हाहाकार माजला. तिथे संघटना नव्हत्या, आणि सरकारही वेळेवर पोचलं नाही.

भिवंडीत वेगळी एक गोष्ट होती, समिती स्थापणारे स्वतः पोलीसच होते. म्हणून नागरिकांची ताकद आणि शासनाची ताकद एकाच बाजूला आली. हेच तिचं बळ होतं आणि हीच तिची कमजोरीही. अधिकारी बदलला, नव्याला रस नसला, की बैठका लांबतात, मग कागदावर होतात, मग होतच नाहीत.

जुलै २००६ मध्ये भिवंडीत काय झालं ते या संदर्भात आठवावं लागतं. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले, जमावाच्या हिंसेत दोन पोलीस शिपायांचा जीव गेला. हिंदू-मुसलमानांची दंगल नव्हती ही, नागरिक आणि पोलीस यांच्यातला संघर्ष होता. जिथे एकेकाळी शिपाई आणि मोहल्ला एका सतरंजीवर बसत होते, तिथे जागेचा एक वाद बोलून मिटवण्याची सोय उरली नव्हती. मला भिवंडीच्या इतिहासातली ही घटना १९९२ च्या शांततेइतकीच शिकवणारी वाटते. धरणाच्या भिंतीसारखं हे काम आहे, पाऊस नसतानाही डागडुजी चालू ठेवावी लागते.

मुंबईने दंगलीनंतर हाच धडा घेतला. १९९४ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि इतरांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. इथे पोलिसांबरोबर नागरिकांची स्वतंत्र संघटनाही होती, त्यामुळे अधिकारी बदलले तरी काम चालत राहिलं. वस्त्यांतल्या मुलांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने या चळवळीने सुरू केले. वाचकांच्या लक्षात आलं असेल, सल्मा मूसा यांच्या इराकमधल्या प्रयोगाच्या कितीतरी वर्षं आधी मुंबईतली माणसं त्याच वाटेने गेली होती.

आता अफवा गल्लीतून चालत जात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी आलेली, मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश त्या भागातल्या मोबाइलवर आधीपासून फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं गेलं. इथे धर्माचा प्रश्न नव्हता, पण घडण तीच होती. ज्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती ती पाच माणसं आणि ज्याची खातरजमा कुणीच केली नाही तो एक संदेश. भटक्या माणसासाठी त्या गावात हमी देणारा कुणी नव्हता. पोलिसांना फोन करावा, चार जणांनी मिळून त्यांची ओळखपत्रं पाहावीत, असं म्हणणारा आवाज जमावात टिकला नाही.

व्हॉट्सॲपच्या काळात मोहल्ला समिती कालबाह्य झाली असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. संदेश शंभर किलोमीटरवरून आला तरी तो ज्या घटनेविषयी आहे ती कुठल्यातरी एका गल्लीत घडलेली किंवा न घडलेली असते, आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहणारं माणूस लागतंच. फक्त वेळ कमी झाला आहे. पूर्वी अफवेला दोन गल्ल्या ओलांडायला दहा मिनिटं लागत, आता दहा सेकंद लागतात. म्हणून कुणाला विचारायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं, त्यांचे नंबर आधीच एकमेकांकडे असायला हवेत आणि ती माणसं एकमेकांना किमान दहा वेळा भेटलेली असायला हवीत. हे तंत्रज्ञानाने होत नाही. गटार, नळ आणि वीज यांच्या निमित्ताने होतं.

तुमच्या भागात गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होईल. जमल्यास जा, ती सगळ्यांसाठी खुली नसेल तर ठाणेदारांना विचारा. तिथे कोण बसलंय ते पाहा. सगळे पुढारीच आहेत की टपरीवाला, शिक्षिका, रिक्षावाला यांतलंही कुणी आहे? बायका आहेत का? मग एकच प्रश्न विचारा, विसर्जनानंतर पुढची बैठक कधी? तारीख मिळाली नाही तर ती मागून घ्या, आणि त्या बैठकीच्या कामकाजात तुमच्या गल्लीतल्या गटाराचा विषय लिहायला लावा.